चाळीस रिकाम्या जागा

१ जुलै, शनिवार

आलो एकदाचा. आउतीने मला दुधाच्या ओट्यापाशी उतरवलं आणि इंजिन चालूच ठेवून शेवटचा टोमणा मारला: लोकांचे नवरे सुट्टीत तळ्याकाठी जातात, माझा मात्र बंद पडलेल्या डेअरीत जुन्या कॉम्प्युटरशी संसार थाटायला निघालाय. मी म्हटलं, तीनच आठवडे. २१ तारखेला, शुक्रवारी, ती मला न्यायला येणार; तोवर तिचा मुक्काम कुओपिओ शहरात, आईकडे. अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट मला बघवत नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो. घरचं कुंपण सोडून, असं आउती मागून जोडते. तीन वर्षं झाली, आमचं कुंपण अर्धंच उभं आहे.

पूर्वी या हाउकिपेरा गावचे शेतकरी रस्त्याकडेच्या या ओट्यावर दुधाचे कॅन आणून ठेवायचे. डेअरी तिथून सरळ पाचशे पावलांवर. पावलं मी मोजली. मोजायची सवयच आहे. मार्केत्ता दारात कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची, हातमोज्यांसकट हस्तांदोलन करणारी बाई. डेअरी तिच्या वडिलांनी विकत घेतली होती. ती शेजारच्या पिवळ्या घरात राहते. माझी खाट वरच्या खोलीत आहे.

तिचा धाकटा भाऊ तेइयो आणि त्याचा मित्र राइमो यांनी इथेच ‘किर्नू’ नावाचा गट काढला होता. किर्नू म्हणजे लोणी घुसळायचं पिंप. डेअरीत बसून दुसरं काय सुचणार. चौसष्ट के मेमरीच्या जुन्या कमोडोर कॉम्प्युटरकडून त्याच्या कुवतीबाहेरची चित्रं आणि संगीत काढून घ्यायचं, आणि ऑगस्टच्या मेळ्यात मोठ्या पडद्यावर दाखवून मतं मागायची, हा आमचा छंद. त्याला आम्ही डेमो म्हणतो. १९९२च्या जुलैत तेइयो गेला आणि किर्नूचा शेवटचा डेमो अर्धा राहिला. गेल्या मेळ्यात राइमोने मला विचारलं, पुरा करशील का. असं मला विचारायचं असतं का कुणी? मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मशीन जुन्या थंड खोलीत आहे, कारण ते तिथे तापत नाही. पांढऱ्या फरशांच्या भिंती, मध्ये गटाराची जाळी, खिडकी नाही. बटणावर मार्केत्ताच्या अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी: बंद करू नये. समोरच्या भिंतीत आडव्या एकतीस फरशा आहेत. झोप छान लागेल असं वाटतंय, इथे उत्तरेत उन्हाळ्यात रात्रीही उजेड मावळत नसला तरी.

३ जुलै, सोमवार

सकाळी राइमो आला. साठीचा आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, डेमोचं संगीत त्याचं. त्याने मला कूहा म्हणून हाक मारली. आमच्यात खरी नावं कुणी वापरत नाही. कूहा हा तळ्यातला मासा, आणि सोळाव्या वर्षी मी हे नाव का घेतलं ते आता मलाही सांगता येणार नाही. तेइयोचं नाव राउता, म्हणजे हिवाळ्यात गोठलेली जमीन. त्याने निदान विचार केला होता.

डेमो चालवून पाहिला. निळं तळं, त्यावर धुकं. एवढ्याशा मशीनमधून असं धुकं काढणारा पोरगा तेवीस वर्षांचा होता, याचा मला हेवा वाटला. मधोमध पिंप फिरायला हवं, तिथे काळा चौकोन आहे. ते माझं काम. तळाशी नेहमीची सरकती ओळ: मजकूर उजवीकडून डावीकडे जात राहतो, त्यात गप्पा, टवाळी आणि ओळखीच्या गटांना नमस्कार. मजकूर संपला की चाळीस रिकाम्या जागा सोडायच्या, कारण पडद्यावर आडवी चाळीस अक्षरं बसतात. पट्टी एकदा पूर्ण कोरी होते आणि मग मजकूर पहिल्यापासून सुरू होतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राउताने त्या जागा सोडलेल्याच नाहीत. शेवटचा शब्द थेट पहिल्या शब्दाला जाऊन भिडतो. अशा ढिसाळपणाची मला चीड येते.

संध्याकाळी राइमोबरोबर साउना, तापलेल्या दगडांच्या वाफेची अंघोळ. एकाच ओळीत दोघं-तिघं आळीपाळीने लिहितात, आणि आधीचा माणूस नाव घेऊन पुढच्याला कीबोर्ड देतो, हा रिवाज सगळीकडेच आहे. आमच्या गटात आम्ही तो हिसकावूनही घेतो, असं मी गमतीने सांगितलं. राइमो दगडांवर पाणी टाकायचा थांबला.

“कीबोर्ड घ्यायचा नसतो,” तो म्हणाला. “आधीच्याने स्वतः दिला तरच घ्यायचा. आणि देणाऱ्यानेही दहादा विचार करायचा.”

साठीच्या माणसाने एवढ्यावरून तोंड पाडावं याचं मला हसू आलं. पण मी विषय बदलला.

५ जुलै, बुधवार

ओळ पूर्ण वाचली. तेवीस हजार अक्षरं. सुरुवातीला राइमोचा थोडा मजकूर, मग “कीबोर्ड आता राउताकडे”, आणि पुढे शेवटपर्यंत राउता. पहिली हजारभर अक्षरं झकास आहेत; राइमोच्या मोपेडची अशी खिल्ली उडवलीय की मी एकटाच बसून हसत होतो. मग गडी बिथरतो. सतराचा पाढा. डासांचे प्रकार. सहकारी दुकानातल्या पाट्या, एकामागून एक. पूर्णविराम कुठेच नाही. मध्येच “मार्केत्ता जेवलीस का”, मध्येच “मार्केत्ता बसू नकोस उभीच राहा”. भावंडांची काही खाजगी थट्टा असावी. एका ठिकाणी समोरच्या भिंतीच्या फरशा मोजल्यात: आडव्या चाळीस, उभ्या पंचवीस. हे तर पडद्याचं माप झालं. मी पुन्हा मोजल्या, एकतीसच आहेत.

दुपारी मार्केत्ताने नवे बटाटे आणि खारवलेली हेरिंग मासळी मांडली आणि न विचारताच सांगायला लागली. गवतकापणीचे दिवस होते. तेइयो सकाळी म्हणाला, ओळ लिहायची माझी पाळी आहे, तासाभरात शेतात येतो. दहा वाजता ती कॉफी घेऊन गेली तर खुर्चीपाशी त्याचे बूट होते. होडी धक्क्याला बांधलेली होती, तरी पंधरा दिवस तळं ढवळलं. पुढचा सगळा उन्हाळा ती त्या खुर्चीवर बसून ओळ वाचत राहिली. शेवटी वाचवेना, म्हणून थांबली, पण मशीन बंद करायचा धीर तिला झाला नाही.

एका सकाळीत तेवीस हजार अक्षरं कशी लिहिली असतील, असं मनात आलं. आधी लिहून ठेवली असणार. मार्केत्ताला हे विचारणं बरं दिसलं नसतं.

८ जुलै, शनिवार

पिंप फिरतंय! लाकडाच्या फळ्या, लोखंडी कड्या, आत हलणारं लोणीसुद्धा दिसतं. ते बसवायला अकरा हजार अक्षरांएवढी मेमरी हवी होती. तीन दिवस इंचाइंचाने जागा शोधली. संगीताला हात लावायचा नाही, धुक्याला तर नाहीच. उरली ओळ.

राइमो मुलीकडे ओउलूला गेलाय, फोन उचलत नाही. मार्केत्ताला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती, मान न वळवता म्हणाली, “काढ. सतराच्या पाढ्यात माझा भाऊ नाही.”

मग काढला. पाढे, डास, पाट्या, फरशा, सगळं. पण आता राउताचा मजकूर मध्येच तुटलेला दिसायला लागला, आणि ते मला बघवेना. म्हणून त्याच्या वतीने मीच शेवट लिहिला: “तर मंडळी, राउता दमला. कीबोर्ड आता कूहाकडे.” राइमो बघत नव्हता, आणि मेलेला माणूस काही येऊन स्वतः देणार नव्हता. त्यापुढे रीतसर चाळीस रिकाम्या जागा सोडल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पट्टी कोरी झाली. पडदा इतका शांत दिसला की मी क्षणभर नुसता बघत बसलो. मग बोटं आपोआप कीबोर्डवर गेली आणि मी लिहिलं, “कूहा बोलतोय”.

आउतीला फोन करून सांगितलं, झालं एकदाचं. ती म्हणाली, वा, आता कुंपण. फार बरं वाटतंय.

९ जुलै, रविवार

थंड खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत ओली पावलं उमटलीत. अनवाणी, पुरुषाची, बाहेर जाणारी. आत येणारी नाहीत. साउनातून राइमो आला असेल म्हणावं तर तो ओउलूला आहे.

मार्केत्ता आज कॉफी घेऊन आली नाही. दुपारी धक्क्याकडून तिचं हसणं ऐकू आलं, नंतर रडणं, नंतर दोन्ही एकदम. मी हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको, कळत नाही. डेमो चालवला. ओळीत “कूहा बोलतोय” नंतर मी काहीच लिहिलेलं नाही. पण मजकूर पुढे जात होता. “आलो एकदाचा. आउतीने मला दुधाच्या ओट्यापाशी उतरवलं.” माझी ही वही. शब्दन्‌शब्द, कालच्या तारखेपर्यंत. वही माझ्या खिशात होती. कुणी वाचून टाइप केलं म्हणावं तर कधी, आणि कोण?

राउताचं आता ओळीत एकही अक्षर नाही. मी ठेवलेली मोपेडची गंमतसुद्धा गेली.

१० जुलै, सोमवार

निघायचं ठरवलं. पिशवी भरली, ओट्याकडे चालू लागलो. पाचशे पावलं मोजली आणि समोर डेअरीचं दार. वाट सरळ आहे, तिला वळण नाही. पुन्हा गेलो. पुन्हा दार. तिसऱ्यांदा पळत गेलो, न मोजता. दार.

तळ्याच्या बाजूने गेलो, तिथेही तेच. फोनवर आउतीचे चार निरोप आलेत, माझा एकही जात नाही. शेवटच्या निरोपात तिने विचारलंय की बोलत का नाहीस, रुसलास का.

पिवळ्या घराच्या खिडकीतून आत पाहिलं. मार्केत्ता टेबलापाशी होती. तिच्या समोर एक तेवीसेक वर्षांचा पोरगा, केस ओले, पाय अनवाणी, बटाट्यांवर तुटून पडला होता. ती त्याच्या ताटात वाढत होती आणि दर घासाला त्याच्या मनगटाला हात लावून बघत होती. दोघांचं नाक अगदी सारखं आहे. आता तो तिचा मुलगा शोभतो.

काचेवर मुठी आपटल्या. मार्केत्ताला काही ऐकू गेलं नाही. पोराने मात्र काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला दिसलो मी. मी घाबरलोय, साफ घाबरलोय.

१२ जुलै, बुधवार

आता वरची खोली नाही. जिना चढलो की थंड खोली. बाहेरचं दार उघडलं की थंड खोली. भूक लागत नाही, झोप येत नाही. खुर्ची आहे, वही आहे, पेन संपत नाही.

समोरच्या भिंतीत आडव्या फरशा चाळीस. उभ्या पंचवीस. चार वेळा मोजल्या.

मग ती भिंत काचेसारखी झाली आणि पलीकडे तेइयो दिसला. मोठा, वाकलेला, चेहऱ्यावर निळा उजेड. खुर्ची त्याने पायाने मागे सारली होती. तो उभाच होता.

“एकतीस वर्षं मी पट्टी कोरी होऊ दिली नाही,” तो म्हणाला. “समोर ताई बसायची ना. जागा रिकामी दिसली की समोरच्या माणसाचा हात जातोच. त्याने एक अक्षर दाबलं की तो आत, आतला बाहेर. मी तुला बोलावलं नव्हतं. तू माझ्या नावाने स्वतःच लिहिलंस.”

मी वहीत लिहिलं, तुझ्या आधी कोण होतं. त्याने ओळ वाचली. म्हणाला, राइमो, तीन दिवस. राइमो समजतो, त्याला तेव्हा ताप होता.

मी लिहिलं, परत घे. मी आत्ता चाळीस जागा सोडतो, तू एक अक्षर दाब, मी तुझ्या पाया पडतो.

त्याने दोन्ही हात खिशात घातले. रडत होता. म्हणाला, लिहीत राहा, थांबू नकोस, काहीही लिही. बाहेरून मार्केत्ताने कॉफीला हाक मारली आणि तो गेला.

त्याला शिव्या द्याव्यात तर कुठल्या तोंडाने. त्याचे पाढे आणि त्याचे डास मीच काढून टाकले. गडी बिथरला म्हणालो. ढिसाळ म्हणालो.

१५ असावी

लिहितोय. अकराचा पाढा झाला. घरच्या फळ्या आठवल्या, कुंपणाच्या, उभ्या केलेल्या चौतीस, रचून ठेवलेल्या एकोणचाळीस. माझ्या पिंपाने जागा खाल्ली. राउताकडे तेवीस हजार अक्षरं होती, माझ्याकडे बाराच हजार. माझी कोठडी मीच आखूड केली —

राइमो येऊन गेला. दारातूनच तेइयोला पाहिलं आणि मटकन खाली बसला. मग पडद्याकडे बघून दोनदा कूहा म्हणाला. जवळ आला नाही. शहाणा आहे.

मार्केत्ताने बटणावरची चिठ्ठी काढलेली नाही. आता तिला गरज नाही, तरी काढलेली नाही.

१८ ?

मेमरी भरत आली. भरली की शेवट थेट सुरुवातीला जोडायचा. मध्ये जागा नको. एकही नको. जोडता येतं, राउताने जोडलं होतं —

आउती शुक्रवारी येणार. तिला कुणी अडवा. तेइयो सांगेल तिला. सांगेल ना? पण ती कुणाचं ऐकते?

२१ जुलै, शुक्रवार

आली. गाडीचा आवाज ओळखला. उघड्या दारातून दिसलं, तेइयो अंगणात तिच्या आडवा आला, काहीतरी सांगत होता, ती त्याला बाजूला सारून आत आली. हिरवा रेनकोट. हातात माझा डबा.

पडद्यासमोर उभी आहे. वाचतेय. कुंपणाच्या वाक्याशी हसली.

“काय रे, स्वतः गायब आणि ओळ चालू ठेवून गेलास?”

खुर्ची ओढली. आउती बसू नकोस. उभीच राहा. बसली —

तिचा चेहरा इतका जवळ आहे. कपाळावर डास चावलाय. स्पेसची कळ चाळीसदा दाबायची, बस. ती उत्तर लिहिणारच, तिला गप्प बसवतच नाही. मग मी अंगणात, उन्हात, आज संध्याकाळी घरी. मला घरी जायचंय आउती, मला फार घरी जायचंय

       

सात दाबल्या. तिचा हात वर आला.

नाही नाही नाही लिहितोय हे बघ लिहितोय आउती हात खाली घे कुंपण राहू दे तसंच अर्धं राहू दे चौतीस फळ्या पुरे आहेत मला बघवतं आता जा कॉफी पी मार्केत्ताकडे जा इथे कुणी नाही हा नुसता डेमो आहे जागा संपली शंभर अक्षरं उरली जेवलीस का आउती उभी राहा जोडतोय मध्ये जागा नाही हातखालीघेआलो एकदाचा. आउतीने मला दुधाच्या ओट्यापाशी उतरवलं आणि